सेन्सर चांगला, चिकटपट्टी नाही : लेकीच्या दंडावरचे आठ महिने

परवा संध्याकाळी लेक शाळेतून आली आणि दप्तर खाली ठेवायच्या आधी तिने मूठ उघडून दाखवली. मुठीत सेन्सर, म्हणजे दंडावर चिकटवायचे, साखर सतत मोजून फोनवर दाखवणारे मधुमेहाचे छोटे यंत्र. बसच्या गर्दीत कुणाच्या तरी पिशवीला अडकून निघाला होता. लावून सहावाच दिवस होता, म्हणजे चौदापैकी आठ दिवस फुकट. मार्चपासून गळालेला हा पाचवा. म्हणून आज शिलाई मशीन बंद ठेवून लिहायला बसले.

सेन्सर कसा लावतात, फोनवर कसा दिसतो हे वाचणाऱ्यांना माहीत असणार, ते सांगत नाही. माझी लेक चौदा वर्षांची आहे. अकराव्या वर्षी तिला टाईप १ मधुमेह निघाला, म्हणजे शरीर इन्सुलिन करणेच थांबवते तो. दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शने. आम्ही फोंड्याजवळ राहतो आणि मी ब्लाऊज शिवते. हे शेवटचे मुद्दाम सांगितले, कारण पुढे कापडाबद्दल बरेच बोलणार आहे.

आधी पैशांचे. आमच्या घरात निर्णय तिथेच होतो. एक सेन्सर आम्हाला पाच हजारांच्या आसपास पडतो. पुरे चौदा दिवस टिकला तर दिवसाला साधारण ३५७ रुपये. पाचव्या दिवशी गळाला तर दिवसाला १०००. ग्लुकोमीटरची पट्टी वीस-बावीस रुपयांना मिळते, सहा वेळा बोट टोचले तरी दीडशेच्या आत भागते. महिन्याला दोन सेन्सर आम्हाला झेपत नाहीत, त्यामुळे पंधरा दिवस सेन्सर आणि पंधरा दिवस बोट असे चालले आहे. सेन्सरच्या पंधरवड्यात जे शिकायचे ते शिकून घ्यायचे आणि पुढच्या पंधरवड्यात त्यावर चालायचे. डॉक्टरांनाही हे मान्य आहे.

शिकायला मात्र खरेच मिळाले. पहिल्याच आठवड्यात पहाटे तीनला फोन वाजला. साखर ५८, बाण खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी आणि अजून उतरणारी. लेक गाढ झोपलेली, अंग घामाने भिजलेले. बोट टोचले, ६१. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचले, ९४. तीन वर्षांत अशा किती रात्री आम्ही नुसत्या झोपून काढल्या असतील, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. डॉक्टरांनी आलेख बघून रात्रीचा डोस बदलला.

दुसरे जेवणाचे. तेवढाच भात, तेवढेच इन्सुलिन, तेच माशांचे हुमण, म्हणजे कालवण. सुरय म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात खाल्ला की तिची साखर दोन तासांत अडीचशेवर जायची. उकड्या तांदळाच्या भाताला दोनशेच्या आत राहायची. सासूबाई पहिल्यापासून उकड्याचाच आग्रह धरायच्या आणि मी तो जुन्या वळणाचा म्हणून सोडून द्यायचे. आता आलेख त्यांनाच नेऊन दाखवते. सकाळी पोदेर म्हणजे पाववाला येतो त्याच्याकडून उंडे या मैद्याच्या पावांऐवजी कोंड्याच्या पोळ्या म्हणतात ते पाव घेतो, तिथेही फरक दिसला. हे आमच्या मुलीचे आकडे. दुसऱ्याच्या अंगात वेगळे येतील.

मे महिन्यात मात्र मी हे यंत्र परत करायला निघाले होते. रोज रात्री दीड-दोनला ५२, ५५ असे आकडे. धावत जायचे, बोट टोचायचे, तर ११२. चार रात्री असे झाले. कंपनीच्या फोनवर तक्रार केली, तिकडून तोच वाचून दाखवल्यासारखा जाबसाल. मी तेव्हा या वस्तूला पाचपैकी एक गुण दिला असता.

मग आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात लिहिले. गटात गोव्यातले टाईप १ असलेल्या मुलांचे पालक आणि काही मोठी माणसे आहेत, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. मडगावच्या एका ताईंनी एकच विचारले, ‘‘बाय (मुलगी) कुठल्या कुशीवर झोपते?’’ डाव्या. सेन्सरही डाव्या दंडावर. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. दंडावर अंगाचा भार पडला की तिथला प्रवाह दबतो आणि आकडा खोटा खाली जातो. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावला, रात्रीचे खोटे भोंगे थांबले. त्यांनीच सांगितले की साखर भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो. म्हणून त्रास वाटत असेल आणि आकडा पटत नसेल तर बोट टोचायचे. कंपनीच्या माणसाला मी चार वेळा फोन केला होता, त्याने कुशीबद्दल एकदाही विचारले नाही.

तो एक गुण मी तिथेच मागे घेतला. यंत्र खोटे नव्हते.

या गटाबद्दल थोडे सांगते. तिथे डोस कुणी कुणाला सांगत नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम काढ्यांचा. मध्यंतरी एका नव्या सभासदाने इन्सुलिन सोडवणाऱ्या काढ्याचा संदेश टाकला. दहा मिनिटांत तीन पालकांनी उत्तरे लिहिली, एकही जण त्याला टाकून बोलला नाही. टाईप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते. बाहेरून इन्सुलिन बंद केले तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात आणि मूल काही दिवसांत अतिदक्षता विभागात पोहोचते. एका आईने स्वतःच्या मुलाचे तसेच झाले होते ते लिहिले. तो सभासद आजही गटात आहे आणि त्याची भाची इन्सुलिनवर आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यातल्या २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला, देशात सर्वांत जास्त. त्यामुळे इकडे प्रत्येक घराला हा शब्द माहीत आहे, पण तो बहुधा मोठेपणी होणाऱ्या टाईप २ चा. लेकीच्या दंडावर सेन्सर दिसला की लग्नात, देवळात बायका विचारतात, ‘‘एवढ्या लहान वयात? गोड खूप द्यायचीस का गं?’’ पहिली दोन वर्षे मी गप्प बसून घरी येऊन रडायचे. आता तिथेच उभी राहून सांगते की हा गोड खाऊन होत नाही. गटातल्या प्रत्येकाने हे कुठे ना कुठे सांगितले आहे, म्हणून मलाही बळ आले.

आता चिकटपट्टी. जून लागला आणि सेन्सर गळायला लागले. पावसाळ्यात आमच्याकडे वाळत घातलेले कपडे चार दिवस ओले राहतात, तिथे दंडावरची ती गोल पट्टी काय टिकणार? तिसऱ्या दिवशी कडा उचलते, पाचव्या दिवशी कडेखाली घामाची काळी रेघ, मग ओढणीचा एक धागा अडकला की संपले. चवथीच्या आधी फुगडीच्या तालमीत एक तसाच गेला. मी ती पट्टी भिंगाखाली धरून बघितली आहे. कापडाची कड उघडी कापलेली आहे, तिला कसलाच बंद नाही, आणि ते कापड ताणत नाही. दंड वाकला की कातडी ताणते, कापड ताणत नाही, मग सुटते ती कडच. पाच हजारांच्या वस्तूत पाच रुपयांच्या कापडावर काटकसर केली आहे.

कंपनीने आधी सांगितले, ‘‘तुम्ही तेल लावले असेल.’’ शपथेवर सांगते, सेन्सरच्या आदल्या दिवसापासून मी तिला तेल लावत नाही, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू देते. गटात विचारले तर अकरा घरांत हेच. डिचोलीच्या एका बाबांनी तक्ता केला : लावल्याची तारीख, गळाल्याची तारीख, बॅच क्रमांक, फोटो. जून ते सप्टेंबर, एकोणीस सेन्सर. तो तक्ता अकराही जणांनी आपापल्या नावाने कंपनीला एकाच दिवशी पाठवला. आठवडाभरात उत्तर आले. मला दोन सेन्सर बदलून मिळाले, तिसऱ्याला नाही म्हणाले कारण खोका मी टाकून दिला होता. खोका टाकू नका.

त्याच वेळी एकाने मटेरिओव्हिजिलन्स योजनेचे सांगितले. वैद्यकीय उपकरणामुळे त्रास झाला तर तो नोंदवण्यासाठी २०१५ पासून केंद्राची ही व्यवस्था आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. डॉक्टरच नव्हे, रुग्णसुद्धा नोंद करू शकतो. बदली न मिळाल्यास ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहेच. तीन वर्षे उपकरणे वापरून मला यातले काहीच माहीत नव्हते.

अमेरिकेत २०१३ साली जॉन कॉस्टिक नावाच्या एका वडिलांनी लहान मुलाची साखर दूरवरून बघता यावी म्हणून स्वतःच प्रोग्राम लिहिला. इतर पालक जमले आणि त्यातून नाइटस्काउट उभे राहिले, सगळ्यांसाठी फुकट. ‘आम्ही वाट बघत बसणार नाही’ अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. मला प्रोग्राम येत नाही. मला कापड कापता येते.

म्हणून खेळाडू वापरतात ती ताणणारी चिकट पट्टी आणली आणि प्रयोग केले. चौकोन कापला तर कोपरा दोन दिवसांत सुटतो, म्हणून सगळीकडून गोल, सेन्सरपेक्षा चहूबाजूंनी दोन बोटे मोठा. ताण दंडाच्या लांबीत येईल असा कापायचा. मध्ये भोक ठेवायचे, सेन्सरवरचे बारीक छिद्र झाकू नये. लावताना पट्टी ओढायची नाही, नुसती ठेवून मध्यापासून कडेकडे दाबायची, मग तळहाताची ऊब दोन मिनिटे. सेन्सर रात्री जेवणानंतर लावायचा, म्हणजे आंघोळीला अर्धा दिवस मिळतो. ऑक्टोबरात अशी पट्टी लावलेला सेन्सर पुरे चौदा दिवस राहिला. परवा गळाला त्यावर पट्टी नव्हती, रोल संपला होता, चूक माझीच.

शाळेचेही सांगायचे राहिले. परीक्षेच्या वर्गात फोन आणि खाऊ दोन्ही नको म्हणत होते. सीबीएसईने २०१७ सालीच मधुमेही मुलांना परीक्षेत खाऊ न्यायची मुभा दिली आहे, ते परिपत्रक गटातून मिळाले. आमची शाळा त्या मंडळाची नाही, तरी मुख्याध्यापिकाबाईंनी वाचले आणि फोन पर्यवेक्षकांच्या टेबलावर ठेवायचे ठरले. चौदा नोव्हेंबरला बालदिन, त्याच दिवशी इन्सुलिन शोधणाऱ्या बॅन्टिंग यांचा जन्मदिवस. बाईंनी लेकीला पाच मिनिटे दिली. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिले इंजेक्शन दिले, ते शुद्ध नव्हते, बारा दिवसांनी दुसरे दिले आणि तो वाचला, हे तिने सांगितले. ‘‘तो चौदा वर्षांचा होता, मीपण चौदाची आहे,’’ एवढे म्हणून तिने बाही वर करून सेन्सर दाखवला. मी मागच्या बाकावर होते.

तर गुण. आकड्यांना पाचपैकी चार, चिकटपट्टीला शून्य, फोनवरच्या सेवेला एक. पुन्हा घेणार का? घेणार, महिन्याला एकच. काल फोंड्याच्या तिस्कावर जाऊन पट्टीचे तीन रोल आणले. ब्लाऊजचे काम आटोपले की रात्री बसून गोल कापते आहे, आतापर्यंत बावीस झाले. गटातल्या ज्यांच्या मुलांना हवेत त्यांनी दंडाचा घेर कळवा. लहान मुलांचे माप वेगळे कापावे लागते.