अंगणातलं लाकडी बाकडं, टेबल आणि दोन खुर्च्या : १५ महिने वापरून झाल्यावर

सासरचं जुनं घर उतरवलं तेव्हा माळ्याचे सागवानी वासे आणि फणसाची एक रुंद फळी मी विकू दिली नाही. वाशांचं अंगणात ठेवायला बाकडं करून घेतलं, फळीचं टेबल. लाकूड कमी पडलं म्हणून दोन खुर्च्यांना वखारीतून नवा साग आणला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत काम पुरं झालं. गुहागरकडचा एक अख्खा पावसाळा या सामानाने उघड्यावर काढला आहे आणि दुसरा आता दाराशी आलाय, म्हणून हे लिहिते.

लाकडाला काय लावावं यावर घरात एकमत नव्हतं. मिस्त्री म्हणाले तेल. रंगाच्या दुकानदाराने बाहेरच्या लाकडाचं चकचकीत व्हार्निश दिलं. नणंदेचं म्हणणं, सागाला काहीच लागत नाही. मग बाकड्याला तेल, टेबलाला व्हार्निश आणि खुर्च्या कोऱ्या, असं ठरवलं. होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात तसं लावा, असंही एका शेजाऱ्यांनी सुचवलं होतं. त्याने लाकूड टिकतं, पण ते बिब्ब्यासारखं अंगावर उततं. ज्यावर नातवंडं बसणार त्याला ते नकोच.

तेल म्हणजे रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते, उकळलेलं जवसाचं तेल. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन असा दिला, म्हणजे ते आत मुरतं. पुढचे दोन हात नुसत्या तेलाचे. प्रत्येक हातानंतर वीसेक मिनिटांनी वर राहिलेलं तेल कापडाने कोरडं पुसून घ्यायचं. हे पुसणं टाळलं की चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ बसत राहते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती दोरीवर पसरून वाळवते आणि मगच टाकते.

जून-जुलैत व्हार्निशचं टेबल सगळ्यांत देखणं दिसत होतं. ऑगस्टमध्ये एका सांध्याजवळ पांढुरका डाग आला, मग तिथली साय उचलली. लाकूड पाण्याने फुगतं, उन्हात आवळतं; वरची साय तेवढी ताणली जात नाही आणि तडकते. त्या बारीक चिरेतून पाणी आत गेलं, पण बाहेर यायला वाट उरली नाही. दसऱ्याच्या सुमारास मी साय खरवडली, तर खाली तळहाताएवढी काळी बुरशी. अख्खं टेबल काचकागदाने घासायला दोन दिवस गेले. फणसाचा तो हळदीसारखा पिवळा रंग उन्हाने आधीच तांबूस झाला होता, तो घासल्यावर परत वर आला, एवढंच त्यातलं सुख. आता त्यालाही तेलच.

तेलही निर्दोष नाही. बाकड्याच्या हात टेकायच्या सावलीतल्या दांड्यावर पावसात बुरशीचे काळे ठिपके आलेच. जवसाच्या तेलावर ती वाढते. जुलैत दोन दिवस ऊन पडलं म्हणून मी घाईने एक हात मारला, तो बारा दिवस ओलसर राहिला आणि चिलटं चिकटून बसली. पावसाळ्यात तेल लावू नये, हे तेव्हा कळलं. पण ऑक्टोबरात साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन, वाळवून, काचकागद हलका फिरवून एक हात दिला, तर तासाभरात बाकडं पहिल्यासारखं झालं. बिघडलं तेवढंच दुरुस्त करता येतं, आणि बिघडलेलं डोळ्यांना दिसतं. एवढ्यासाठीच माझं मत तेलाला.

कोऱ्या खुर्च्या राखाडी झाल्या आहेत. उन्हाने लाकडाचा वरचा पापुद्रा सुटतो, पाऊस तो धुऊन नेतो. आतलं लाकूड टणकच आहे. मला तो रंग आवडायलाही लागलाय. पण एका खुर्चीच्या मागच्या पायात पांढऱ्या लाकडाची पट्टी होती. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, “वहिनी, हा पांढरा भाग सागाचा असला तरी त्याला साग समजू नका.” जानेवारीत तिथून पिठासारखी पूड गळू लागली. किडीने पट्टी पोखरली होती, शेजारचा तपकिरी गाभा मात्र जसाच्या तसा. पाय बदलावा लागला. नवं लाकूड घेताना ही पट्टी आधी बघा, तेलाचा विचार नंतर.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते पायांच्या तळांनी. फळी जिथे आडवी कापलेली असते, तिथून ती पाणी शोषत वर नेते. मी बाकडं जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवलं होतं, उंचावर आहे म्हणून निश्चिंत. पण चिरा स्वतःच ओला राहतो! पायांचे तळ चार बोटं काळे पडले. आता खाली कडप्प्याचे तुकडे आणि त्यावर जुन्या टायरचे चौकोन आहेत.

झाकण्याचंही तसंच. पहिल्या पावसात प्लास्टिक गच्च बांधलं, तर आत घाम धरून वास सुटला. सासूबाईंनी ते काढायला लावलं आणि माडाच्या झावळ्यांची दोन झापं तिरकी टेकवून दिली. पाणी ओघळून जातं, वारा खेळता राहतो. वाशांतले जुने लोखंडी खिळे उपटले तिथले काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने बरेच फिकट झाले (हातमोजे घालूनच). स्क्रू आता सगळे पितळी.

या आठवड्यात बाकडं पडवीत आणलंय. चारही पाय तेल भरलेल्या करवंट्यांत रात्रभर उभे होते आणि सकाळी पाहिलं तर दोन करवंट्या पार कोरड्या, म्हणून आज त्या पुन्हा भरल्या आहेत.