बॉक्स्टरचे आयएमएस बेअरिंग आणि मागचे ऑइल सील : एलएन इंजिनिअरिंगच्या किटचे परीक्षण

पोर्शेची 986 मालिकेतील बॉक्स्टर ही आज अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्वांत स्वस्तात मिळणाऱ्या खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कारपैकी एक आहे, आणि तिचा भाव पडण्यामागे इंजिनात बसलेल्या, तळहातावर मावेल एवढ्या एका बॉल बेअरिंगचा, म्हणजेच आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंगचा, वाटा मोठा आहे. हे बेअरिंग बदलण्यासाठी इलिनॉय राज्यातील एलएन इंजिनिअरिंग या कंपनीने तयार केलेले किट मी न्यू जर्सीतील घराच्या गॅरेजमध्ये 2001 सालच्या बॉक्स्टर एसला बसवले आणि त्याच कामात क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सीलही बदलले. किट उत्तम आहे, हे माझे मत आधीच नोंदवतो. मात्र त्याचा उपयोग व्हायचा असेल तर बेअरिंग काढण्यापूर्वीची तयारी चोख असायला हवी, आणि घरी काम करणारे नेमके तिथेच कमी पडण्याची शक्यता असते.

या गाडीच्या एम96 इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य शाफ्ट) साखळीने एका मधल्या, म्हणजे इंटरमीडिएट, शाफ्टला फिरवते आणि त्या शाफ्टवरून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंच्या, व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या कॅमशाफ्टना गती देतात. शाफ्टचे फ्लायव्हीलकडील टोक ज्या बेअरिंगवर फिरते ते मूळ रचनेत ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेले होते. वर्षे जातात तशी त्याची सीले कडक होतात, ग्रीस धुऊन जाते आणि आत शिरलेले जुने तेल तिथेच साचून राहते. पुढे गोळ्या झिजून बेअरिंग फुटले की शाफ्ट डगमगतो, साखळी दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. सुरुवातीच्या गाड्यांत दोन ओळींचे बेअरिंग होते. 2000 च्या सुमारास एका ओळीचे, तुलनेने कमकुवत बेअरिंग आले. 2006 पासूनचे मोठे बेअरिंग अधिक टिकाऊ असले तरी इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय ते बाहेर निघत नाही, आणि 2009 च्या नव्या इंजिनात हा मधला शाफ्टच राहिला नाही. एका ओळीच्या बेअरिंगबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता व 2013 मध्ये त्यात तडजोड झाली.

2000 आणि 2001 च्या गाड्यांत दोन्हींपैकी कोणतेही बेअरिंग असू शकते, म्हणून गिअरबॉक्स उतरवून, क्लच व फ्लायव्हील काढून प्रत्यक्ष पाहिल्यानंतरच किट मागवावे. माझ्या गाडीत एका ओळीचे निघाले. त्यासाठी मी घेतलेल्या किटमधील बेअरिंगच्या कड्या पोलादी आणि गोळ्या सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकच्या आहेत. ते ग्रीसवर विसंबून राहत नाही; इंजिनातले ताजे तेल थेट गोळ्यांपर्यंत पोहोचू शकते, आणि मूळ दोषाचे कारण पाहता हाच बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सोबत येणारा मधला बोल्टही मूळ बोल्टपेक्षा भक्कम आहे.

कंपनीच्या सूचनापत्रातील मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे इंजिन या कामाला योग्य आहे की नाही हे आधी तपासण्याचा आग्रह. जुने तेल काढल्यावर ऑइल फिल्टरची कागदी घडी उलगडून उजेडात पाहावी. चुंबकाला चिकटणारे पोलादी कण दिसले तर काम तिथेच थांबवावे, कारण ते कण तोपर्यंत तेलाबरोबर इंजिनभर फिरलेले असतात आणि नवे बेअरिंग त्या इंजिनाला वाचवू शकत नाही. स्वतःचा माल विकणारी कंपनी ‘अशा इंजिनात आमचे बेअरिंग बसवू नका’ असे स्पष्ट सांगते, याचे मोल मला मोठे वाटते.

खरी जोखीम त्यानंतर येते. क्रँक पुलीच्या छिद्रात पिन घालून इंजिन टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या स्थितीत) पक्के करावे, कॅमशाफ्टच्या टोकाची हिरवी प्लास्टिकची झाकणे काढून कॅम लॉक करावेत, मग साखळ्यांचे टेन्शनर सोडावेत आणि शेवटी फ्लँजच्या (बेअरिंगवरच्या झाकणाच्या) बोल्टना हात लावावा. हा क्रम मोडला तर साखळीच्या ताणाने शाफ्ट एका बाजूला ओढला जातो आणि टायमिंग (क्रँक व कॅमशाफ्टचा मेळ) हलू शकते. काढलेली हिरवी झाकणे परत वापरू नयेत. नवी स्वस्त मिळतात.

बेअरिंग काढण्याचे आणि बसवण्याचे टूल वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते महाग आहे, ही माझी एकमेव मोठी तक्रार. तरीही त्याला पर्याय शोधू नये. पुलरचा नट आवळत गेले की बराच वेळ काहीच हलत नाही, आणि मग बेअरिंगला धरून ठेवणारी तार खाचेतून सुटताना बंदुकीच्या बारासारखा मोठा आवाज होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी मोडले असे वाटेल, पण तो आवाज अपेक्षितच आहे. नवे बेअरिंग आधी फ्रीजरमध्ये ठेवले तर ते सहज आत सरकते, आणि टूलचा दाब बाहेरच्या कड्यावरच पडत असल्यामुळे गोळ्यांना धक्का बसत नाही. हातोडीने ठोकून बसवलेले सिरॅमिक बेअरिंग मी तरी माझ्या इंजिनात ठेवणार नाही. फ्लँजला नवे सील आणि नवे बोल्ट लावून 10 न्यूटन-मीटरने आवळावेत. एवढ्या कमी टॉर्कसाठी लहान टॉर्क रेंच हवा, चाकांच्या नटांसाठीचा चालत नाही.

मागचे ऑइल सील किमतीने किरकोळ, पण नजाकतीने बसवण्याची वस्तू आहे. सुधारित सील पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) असून ते पूर्णपणे कोरडे बसवायचे असते. रबरी सीलला तेलाचे बोट लावायची सवय असलेल्या मेकॅनिकला हे पचायला जड जाते, पण इथे तेल लावले तर सील गळण्याचा धोका वाढतो. ते 13 मिलिमीटर खोलीवर, चहूबाजूंनी सारखे बसले पाहिजे. एका विक्रेत्याकडून मागवलेल्या स्वस्त टूलची कड कॅलिपरने मोजल्यावर एकसारखी नव्हती, म्हणून ते परत करून मी दर्जेदार टूल घेतले. फ्लायव्हीलचे बोल्टही नवेच वापरावेत : आधी 25 न्यूटन-मीटरने आवळावेत, त्यानंतर आणखी 90 अंश फिरवावेत.

ज्याच्याकडे गाडी पुरेशी उंच धरणारे भक्कम जॅक स्टँड, गिअरबॉक्स उतरवण्याचा जॅक आणि गिअरबॉक्स निघाल्यावर इंजिनाला खालून आधार देण्याची सोय नाही, त्याने हे काम जाणकार वर्कशॉपलाच द्यावे. एका ओळीचे बेअरिंग असलेल्या गाडीच्या मालकाने मात्र फार थांबू नये. दोन ओळींचे बेअरिंग असेल आणि फिल्टर स्वच्छ निघत असेल, तर केवळ त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याऐवजी क्लच बदलण्याची वेळ येईपर्यंत वाट पाहायला माझ्या मते हरकत नाही. याच कंपनीचे, गोळ्याच नसलेले आणि दाबाने तेल मिळणारे साधे बेअरिंगही उपलब्ध आहे. ते बरेच महाग आहे आणि गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तरच त्याचा विचार करावा. सिरॅमिक बेअरिंगलाही आयुष्याची मर्यादा आहे, म्हणून बसवल्याची तारीख आणि मैल नोंदवून ठेवावेत, दर 5,000 मैलांनी किंवा 6 महिन्यांनी तेल बदलावे आणि प्रत्येक वेळी फिल्टर उलगडून पाहावा.