नासा वर्ल्डव्ह्यू: धूर कुठला ते कळतं, नाकात किती गेला ते नाही

मार्च 2023 मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात आगी लागलेल्या आठवतात ना, नौदलाची हेलिकॉप्टरं लटकत्या बादलीतून पाणी ओतत होती. तेव्हा वाळपईला आमच्या अंगणात सकाळी राखेचे तुकडे, आणि आईचं ठाम मत की शेजाऱ्यानेच काजूच्या बागेतला पाचोळा पेटवलाय. भांडणच व्हायचं बाकी होतं, तेवढ्यात मित्राने नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या साइटची लिंक पाठवली. अभयारण्यातल्या आगीचे लाल ठिपके बघून आई म्हणाली, "बरं, मी काय म्हटलं ते त्याला सांगू नको."

फुकट आहे, लॉगिनही नको. तारीख टाकायची, नकाशा आमच्या सत्तरी तालुक्यावर आणायचा आणि आगीचा लेअर चालू करायचा. धूर निळसर करडा, पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, धूळ खाकी. 23 जानेवारी 2022 ला मुंबईत मावसभावाच्या गाडीवर पांढरी पूड बसली होती, ती तारीख आणि आदला दिवस काढून बघा, पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर आलेली धूळ आहे ती.

दोन चित्रं शेजारी ठेवून मधला पडदा सरकवायची सोय मला सगळ्यात आवडते, टेरा उपग्रहाचा सकाळचा फोटो आणि अॅक्वा उपग्रहाचा दुपारचा असे लावले की मतलई वारा थांबून खारा वारा सुटल्यावर धूर कसा घाटाकडे वळतो ते कधीकधी चक्क दिसतं.

आता कटकटी. तारीख यूटीसीप्रमाणे (आपल्याहून साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) चालते, त्यामुळे उपग्रहाच्या रात्री दीडच्या फेरीतले ठिपके आदल्या दिवसाखाली सापडतात, हे कळायला मला चांगला महिना लागला. ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नव्हे, आग टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक चौकोन 375 मीटरचा असतो, तेवढ्यात आमचा अख्खा वाडा बसतो. एरोसोलचा (हवेतल्या धूर-धुळीच्या कणांचा) लेअर जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा मोजतो, म्हणजे वर गडद रंग असला तरी खाली हवा ठीक असू शकते, आजोबांना दमा आहे म्हणून मी हवेचं मीटर वेगळं बघतो. आणि डिचोलीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांमागे उडणारी लाल धूळ? ती यात दिसत नाही, तिच्यासाठी खिडकीची काच पुरे.

माझ्याकडून पाचपैकी चार. जून ते सप्टेंबर मात्र उघडूच नका, नुसते ढग.