एक्सबॉक्स की प्लेस्टेशन: गावात राहून घ्यायचा तर

"मामा, संत्र्याचे पैसे आले. सिरीज एस घेऊ का पीएस ५?" वरुडकडच्या भाच्याचा फोन होता. दोन्ही टीव्हीला जोडून खेळायच्या मशीन: सिरीज एस मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची, पीएस ५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५. आंबिया बहाराचा हिशेब झाला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसती मशीनची किंमत पाहिली तर एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त. त्यावर गेम पास घेतला की महिन्याच्या भाड्यात शेकडो खेळ. पण ते खेळ कोणाचे, हे आधी पाहा. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये खेळ बनवणाऱ्या बेथेस्डाची मूळ कंपनी साडेसात अब्ज डॉलरला घेतली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीवाली ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड, ६८.७ अब्जांना. मार्केटात गाळा असलेल्या व्यापाऱ्यानेच आजूबाजूचे बगीचे विकत घेतले, तर शेजारच्या गाळ्यावर कोणता माल जाईल हे तोच ठरवणार ना? याच कारणाने अमेरिकेचा व्यापार आयोग कोर्टात गेला. ब्रिटनने तर ॲक्टिव्हिजनचा सौदा अडवलाच. क्लाउडवर, म्हणजे डाउनलोड न करता इंटरनेटवरून, खेळ चालवायचे हक्क मायक्रोसॉफ्टने युबिसॉफ्ट या दुसऱ्या खेळ-कंपनीला दिल्यावर मग सोडला.

पीएस ५ वाल्यांना धास्ती होती की कॉल ऑफ ड्यूटी हातची जाईल. तसं झालं नाही, सोनीसोबत दहा वर्षांचा करार झाला. बेथेस्डाचा स्टारफिल्ड २०२३ मध्ये आला तेव्हा मात्र प्लेस्टेशनवर नव्हता. पुढे वारं फिरलं आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा फोर्झा होरायझन ५ सुद्धा पीएस ५ वर आला. म्हणजे फक्त खेळांसाठी एक्सबॉक्स घ्यायचं कारण आता फारसं उरलं नाही.

फटका बसला तो भाड्यात. अमेरिकेत २०२३ च्या सुरुवातीला १४.९९ डॉलरला असलेला गेम पास अल्टिमेट ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९ वर गेला. सोनीनेही २०२३ मध्ये प्लेस्टेशन प्लस या आपल्या पासचं वर्षाचं भाडं वाढवलं, पण पीएस ५ वर भाड्याशिवायही भागतं. आणि मला सर्वात जास्त लागलं ते टँगो गेमवर्क्सचं. हाय-फाय रशसारखा सुंदर खेळ करणारा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये बंद करायला काढला. शेवटी त्याला हात दिला क्राफ्टनने, म्हणजे आपल्या पोट्ट्यांच्या बीजीएमआयवाल्या कंपनीने.

आता आपल्या गावची गोष्ट. सिरीज एसला डिस्कची जागाच नाही, सगळं डाउनलोड. शंभर जीबीचा खेळ रोजच्या दोन जीबीच्या मोबाइल डेटावर उतरवायला पन्नास दिवस लागतात, तेही लाइन टिकली तर. डिस्क मात्र खेळून झाली की नागपूरच्या सीताबर्डीत विकता येते, मित्राशी अदलाबदल होते. भाडं थांबलं की पासचे खेळ बंद. डिस्कवरही अपडेट उतरवावे लागतातच, आणि २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर २ च्या डिस्कवर तर खेळ जवळजवळ नव्हताच. म्हणून डिस्क घेताना एकट्याने खेळायचे, गोष्टीचे खेळ घ्या.

घरी फायबर असेल आणि पोराला दर आठवड्याला नवा खेळ लागत असेल, तर सिरीज एस बिनधास्त घ्या. भाच्याकडे फायबर नाही. त्याला मी पीएस ५ च सांगितला, आणि दुकानात खोका उघडायच्या आधी वाचायला लावलं: डिजिटल एडिशन स्वस्त पडते, पण तिच्यासोबत डिस्क ड्राइव्ह येत नाही.