स्क्रू घट्ट करण्याचे पैसे न घेणारे चष्म्याचे दुकान

या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीच विकत घेतले नव्हते. चष्म्याची उजवी काडी सैल झाली होती, आणि तो चष्माही दुसऱ्याच दुकानातला होता. काउंटरमागच्या बाईंनी तो कुठून घेतला याची चौकशी न करता स्क्रू घट्ट केला, नाकावरचे पिवळे पडलेले सिलिकॉनचे पॅड बदलले, काचा पुसल्या, मग चष्मा माझ्या डोळ्यांवर ठेवून कानामागे कुठे टोचत तर नाही ना, हेही पाहिले. पैसे विचारल्यावर "राहू द्या" एवढेच म्हणाल्या. याला अकरा वर्षे झाली. घरातल्या चौघांचे मिळून नऊ चष्मे त्यानंतर तिथूनच आले.

फ्रेमचा संग्रह बेताचाच आहे आणि भाव कमी नाहीत. नव्या फॅशनची फ्रेम हवी असेल त्याने इथे वेळ घालवू नये.

प्रोग्रेसिव्ह काचा घेताना मात्र या दुकानाची खरी ओळख पटते. अशा काचेत दूरचा आणि जवळचा नंबर एकाच भिंगात वरून खाली बदलत जातो, त्यामुळे बुबुळ फ्रेममध्ये नेमके कुठे येते याचे माप थोडे जरी चुकले, तरी वाचताना मान वाकडी करावी लागते. इथे आधी नंबराच्या काचा न बसवलेली फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवतात, प्लॅस्टिकची असेल तर काडी गरम करून वाकवतात, आणि मगच तिच्यातल्या नमुन्याच्या काचेवर पेनाने बुबुळाची खूण करतात. मला पहिल्या खेपेला उभे करून, बसवून आणि हातात कागद देऊन अशी तीनदा खूण करून घेतली होती. खूण करणारा मुलगा नवखा होता आणि बाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या.

चुका इथेही होतात. चार वर्षांपूर्वी नवा चष्मा लावून दोन दिवस डोके जड राहिले. परत गेलो तेव्हा "सवय होईल" असे सांगून बोळवण करतील, अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी बाईंनी काचा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर लावल्या आणि डाव्या काचेचा अ‍ॅक्सिस म्हणजे काच ज्या कोनात बसवायची तो कोन चुकीचा बसल्याचे स्वतःहून सांगितले. काच बदलून येईपर्यंत जुन्या फ्रेमला नवे पॅड लावून दिले. तिसऱ्या दिवशी फोनही त्यांचाच आला.

चूक नीट निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षाही खूश होतो, या निरीक्षणाला १९९२ पासून 'सर्व्हिस रिकव्हरी पॅरॅडॉक्स' असे नाव आहे. पुढे २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा समाधान वाढत असल्याचे दिसले, पण पुन्हा खरेदी करण्याच्या इराद्याबाबत तसा परिणाम आढळला नाही. मला हे पटते. त्या काचेमुळे मी खूश झालो हे खरे, पण टिकलो तो त्यामुळे नाही. स्क्रू, पॅड आणि पुसलेल्या काचा यांचा हिशेब आधीच माझ्या मनात जमा होता, म्हणून ती चूक त्यातून वळती झाली. पहिल्याच चष्म्यात हे घडले असते तर मी काच बदलून घेतली असती आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नसतो.

गेल्या वर्षापासून दुकानाने वाढदिवसाचे संदेश आणि सवलतीचे कूपन पाठवायला सुरुवात केली आहे. संदेशात माझे नाव दोनदा चुकले. कूपन मी कधी वापरले नाही, आणि ते पाठवण्याचा खर्च वाचवून काउंटरवर आणखी एक माणूस ठेवला असता तर बरे झाले असते, कारण सुट्टीच्या दिवशी आता अर्धा तास ताटकळावे लागते.

मागच्या महिन्यात असाच ताटकळलो होतो. माझ्या पुढे एक मुलगी दुसऱ्या दुकानातला चष्मा घेऊन उभी होती. काडी सैल झाली होती. तो नवखा मुलगा आता सरावला आहे. त्याने काही न विचारता बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला.