ओटीपी, ॲप की पासकी: गावाकडच्या फोनला कोणतं कुलूप?

वहिनीच्या बचत गटाचं फेसबुक पेज आहे. पापड, शेवया, तुरीची डाळ. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी तिने विचारलं, "भाऊजी, पासवर्डावर आणखी एक कुलूप लावा म्हणतात, ते कोणतं लावू?"

पर्याय तीन: मेसेजने येणारा ओटीपी, कोड देणारं ॲप आणि पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनच्याच बोटाच्या ठशाने किंवा पिनने खातं उघडणं. पेनड्राइव्हसारखी दिसणारी सिक्युरिटी कीसुद्धा मिळते, पण एक हरवली तर म्हणून दोन घ्याव्या लागतात आणि पैसे हजारांत जातात. तो विषय तिथंच सोडला.

ओटीपी लावायला दोन मिनिटं पुरतात आणि कोणाला शिकवावं लागत नाही. पण माझ्या चुलतभावाचं फेसबुक गेलं ते हेच कुलूप असताना. ऐन लग्नसराईत ओळखीच्याच नंबरवरून व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' आली. फोटो नाही, पीडीएफ नाही; नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. यानं दाबलं. फोनने दोन-तीनदा परवानगी मागितली, हा 'अलाउ', 'अलाउ' करत गेला. त्यातली एक परवानगी मेसेज वाचायची होती. मग ओटीपी याच्या फोनवर आला तसा तिकडे चोरालाही दिसला. सकाळपर्यंत पासवर्ड बदललेला आणि सगळ्या सोयऱ्यांना याच्या नावाने तीच पत्रिका पोचलेली.

दुसरं दुखणं सिमचं. हातात पैसा नसला की रिचार्ज राहतं, मग बाजाराच्या दिवशी छत्रीखाली बसलेल्या पोट्ट्याकडून ऑफरचं नवीन सिम घेतो आपण. जुना नंबर ९० दिवस तसाच पडून राहिला तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो. फेसबुकच्या लेखी मात्र तो तुमचाच. आपल्या नावाने डुप्लिकेट सिम काढणारेही आहेत, पण माझ्या मते गावाकडे त्याहून जास्त घात पत्रिका आणि संपलेलं रिचार्ज करतात.

ॲपचं तसं नाही. गूगल ऑथेंटिकेटर घ्या किंवा तसलं दुसरं. दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, तो कुठून यावा लागत नाही. आमच्या शिवारात एका कंपनीचा टॉवर येतो, दुसऱ्या कंपनीचा बांधावर हात वर करून उभं राहिलं तर येतो. शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर नेट चालतं, पण आपला ओटीपी काही येत नाही. अशा वेळी ॲप कामी पडतं. फक्त फोनची वेळ 'आपोआप'वर ठेवायची. घड्याळ पुढे-मागे झालं तर कोड चुकीचा ठरतो.

ॲपची पहिली खोट ही, फोन गेला की कोडही गेले. फवारणीच्या दिवसांत वरच्या खिशातला फोन पाण्याच्या ड्रममध्ये पडणं काही नवलाचं नाही. गूगलचं ॲप २०२३पासून कोड गूगल खात्यात जपून ठेवतं, पण त्यासाठी ॲपमध्ये खात्याने साइन इन केलेलं असावं लागतं. म्हणजे आधी जीमेल पक्कं करा. ते मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेलं असेल आणि पासवर्ड त्याच्याच वहीत असेल, तर वरचं सगळं फुकट.

आणि ॲपचा कोड आपल्या हाताने चोराला देता येतोच. पेजवाल्यांना 'तुमच्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत पेज बंद होईल' असे मेसेज येतात. लिंक उघडली की हुबेहूब फेसबुक दिसतं. घाबरलेला माणूस पासवर्ड भरतो, कोडही भरतो.

इथं पासकी सरस आहे. ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, नकली पानावर चालतच नाही, आणि सांगण्यासारखा कोडच नसल्याने फसून सांगणार काय? आपण फोन उघडतो तसं बोट लावायचं. कापूस वेचून, निंदण करून बोटं घासलेल्या बाया म्हणतील, रेशन दुकानात अंगठा लागत नाही तर इथं काय लागणार! हरकत नाही, स्क्रीनचा पिन चालतो. अडचण वेगळीच आहे: तो पिन घरातल्या गेम खेळणाऱ्या पोरालाही पाठ असतो, आणि पासकीची चावी तोच पिन. शिवाय पासकी अजून सगळीकडे नाही. गूगल आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमध्ये ती २०२३ साली आली.

व्हॉट्सॲपला या भांडणात न पडता सहा आकडी पिन आजच लावा. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सोबत ई-मेल द्या, नाहीतर पिन विसरल्यावर सात दिवस थांबावं लागू शकतं. 'चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आला' म्हणणारा भाचा असला तरी कोड द्यायचा नाही; आधी त्याला साधा फोन लावायचा.

मग वहिनीला काय सांगितलं? जीमेलला पासकी, फेसबुकला ॲप. फोन घरात चार हातांत फिरत असता तर पासकी सांगितली नसती. नंबर वर्षानुवर्षं एकच ठेवणाऱ्या आणि ॲप नको म्हणणाऱ्या माणसाला ओटीपीच लावू द्यावा. काहीच नसण्यापेक्षा तो बरा. गटाच्या सचिव ताईंनाही त्यांच्या स्वतःच्या खात्यातून पेजचा पूर्ण ताबा दिला, म्हणजे एकच पासवर्ड दोघींत फिरायला नको.

फेसबुक अडीअडचणीसाठी रिकव्हरी कोड देतं, एक कोड एकदाच चालतो. वहिनी त्याचा स्क्रीनशॉट काढणार होती. फोनच गेला तर स्क्रीनशॉट कुठं पाहणार, म्हटलं. मग वहीचं पान फाडून तिने एकेक आकडा दोनदा तपासत उतरवला आणि लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या पिशवीत घालून ठेवला.