मेपलची वापरलेली टेलर ६१४सीई: भावगीतांच्या साथीतला अनुभव

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर टेलर या अमेरिकी कंपनीची ही गिटार घेतली, आता दुसरा पावसाळा लागलाय. मधल्या काळात घरचा रियाज, भावगीतांचे कार्यक्रम आणि थोडंफार रेकॉर्डिंग, सगळं हिच्यावरच झालं. आधीच्या मालकाने जिवापाड जपली होती. फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारांचे खड्डे नाहीत, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा ओरखडा नाही, मूळ केससुद्धा सोबत. किंमत नव्या गिटारीच्या निम्म्याच्या आसपास पडली. तरीही ती बरेच दिवस पडून होती, कारण पाठ मेपल या लाकडाची. ‘मेपल पातळ वाजतं, बेस नसतो’ हे गिटार घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. माझा अनुभव असा की साथीला वाजवणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट हवी असते.

टेलरने २०१५ मध्ये ६०० मालिका नव्याने बेतली, त्यानंतरचं हे मॉडेल. पाठ आणि बाजू बिगलीफ मेपलच्या, नेक हार्ड मेपलचा, फ्रेटबोर्ड एबनी या काळ्या टणक लाकडाचा आणि वरची फळी सिटका स्प्रूसची. ही फळी भट्टीत तापवून मुरवलेली आहे, म्हणजे लाकूड वर्षानुवर्षं वाजून जसं मोकळं होतं, तसं ते आधीच थोडं करून घेतलेलं. मेपलवर गडद तपकिरी रंग हाताने घासून मुरवलाय. खिडकीपाशी नेऊन गिटार जराशी कलती केली की पाठीवरच्या आडव्या लहरींची जागा बदलते, उजळ पट्टा काळवंडतो आणि शेजारचा उजळतो. व्हायोलिनची पाठ पाहिली असेल तर या लहरी ओळखीच्या वाटतील. तिथेही स्प्रूस पुढे आणि मेपल मागे, हीच जोडी असते.

आता आवाज. शिसवी पाठीच्या गिटारीत, म्हणजे रोजवूडमध्ये, खालचे स्वर रेंगाळतात आणि त्यांच्याभोवती एक गुंजन राहतं. एकट्याने वाजवताना ते फार सुखद वाटतं. पण मंचावर शेजारी पेटी असते, तिने मधली जागा भरलेली असते. डग्ग्याने खालची जागा घेतलेली असते. त्यात गिटारीचं गुंजन मिसळलं की सगळाच गिचका होतो, आणि साउंडवाला पहिली कात्री गिटारीलाच लावतो. ही गिटार त्या गर्दीतही वेगळी ऐकू येते. स्वर उमटतो, स्पष्ट ऐकू येतो आणि पुढच्या स्वराला जागा करून देतो. मुखडा आणि अंतरा यांमधले छोटे तुकडे मला आता जोर लावून वाजवावे लागत नाहीत, हा सर्वांत मोठा फरक.

गायकाची पट्टी काळी एक असेल तर पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) आणि सी कॉर्डची ठेवण. गायिकेची काळी पाच असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कापो आणि जीची ठेवण. कापो वर सरकला की बऱ्याच गिटारींचा आवाज आवळल्यासारखा होतो. हिचा होत नाही, आणि कटअवेमुळे, म्हणजे नेकपाशी अंगाला दिलेल्या खोबणीमुळे, वरच्या फ्रेटवर हातही सहज पोचतो.

हे सगळं श्रेय मेपलच्या पाठीचंच का, असा प्रश्न कुणी विचारेल, आणि तो रास्त आहे. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा या विषयावरचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. बाकी सगळं सारखं ठेवून फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं अशा ६ गिटारी त्यांनी ५२ वादकांना वाजवायला दिल्या. लाकूड दिसू नये म्हणून अंधूक उजेड आणि डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल. वादकांनी सगळ्या गिटारींना जवळपास सारखेच गुण दिले. त्या सहांत मेपलही होतं. म्हणून मी इथे फक्त या एका गिटारीबद्दल बोलतोय: तिचा आकार, आतल्या पट्ट्या, मेपलचाच नेक, सगळं मिळून जे वाजतं त्याबद्दल. आणि म्हणूनच निव्वळ लाकडाचं नाव ऐकून कुणी चांगली गिटार नाकारू नये असं मला मनापासून वाटतं.

पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरकडे पोचवणारी यंत्रणा, टेलरची एक्स्प्रेशन सिस्टिम २. यात सॅडलखाली (सॅडल म्हणजे तारा टेकतात ती छोटी पट्टी) बसणाऱ्या सेन्सरऐवजी सॅडलच्या मागे तीन सेन्सर आहेत. जोरात स्ट्रमिंग केलं तरी तो प्लास्टिकसारखा टणक आवाज फारसा येत नाही. बाहेर फिरवायची तीनच बटणं: आवाज, ट्रेबल, बेस. ट्यूनर नाही, क्लिपवाला ठेवावा लागतो. केबल खोचली की ९ व्होल्टची बॅटरी खर्च व्हायला लागते, तेव्हा मध्यंतरात केबल काढून ठेवायची. मॉनिटरपाशी घुमायला लागलं तर साउंडहोलमधून बोट घालून फेजचं (ध्वनिलहर उलटवणारं) बटण बदलून पाहा, माझं बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

एकट्याने फिंगरपिकिंग करायचं असेल तर मात्र शिसवी गिटार उजवी. सावकाश चालीत हिचे खालचे स्वर हवेत त्यापेक्षा लवकर विरतात. फॉस्फर ब्राँझच्या तारांनी थोडी ऊब येते, ८०/२० ब्राँझ माझ्या कानाला फार टोकदार वाटल्या.

पुण्याच्या पावसाळ्यात श्रावणापर्यंत वरची फळी थोडी फुगली आणि तारा उंच वाटायला लागल्या. केसमध्ये आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवून ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणल्यावर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची, पुन्हा खाली आली. चैत्र-वैशाखात उलटं होतं: लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला लागतात. तेव्हा सिलिका जेल काढून टाकावं.

वापरलेली टेलर बघायला जाणार असाल तर आतला सिरियल नंबर वाचा. नोव्हेंबर २००९ पासून तो १० आकडी आहे. पहिला आकडा १ असेल तर गिटार कॅलिफोर्नियातल्या एल कॅहोनची, २ असेल तर मेक्सिकोतल्या टेकाटेची. दुसरा आणि सातवा आकडा मिळून वर्ष कळतं. फ्रेटबोर्डवर तपकिरी रेघ दिसली तर तो डाग समजू नका, माझ्याही गिटारीवर आहे. टेलर २०११ पासून कॅमेरूनमधल्या एबनीच्या गिरणीत भागीदार आहे आणि रेघांचं लाकूडही मुद्दाम वापरते, कारण एरवी निव्वळ काळा गाभा हवा म्हणून तोडलेली कित्येक झाडं जंगलातच टाकून दिली जात. ॲक्शन उंच असेल तर तेवढ्यावरून परत फिरू नका. टेलरचा नेक बोल्टवर बसतो, आणि १९९९ पासून आलेल्या रचनेत जाणकार कारागीर पातळ पाचरी बदलून त्याचा कोन थोडक्या वेळात नीट करतो. त्या खर्चाचे पैसे भावातून कमी करून मागा. ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली फळीवरची लाकडी पट्टी, एका कडेने उचललेला दिसला किंवा त्याच्या मागे फळीला चीर असली, तर ती गिटार सोडा.